आर्पाद एलो : बुद्धीला काटा लावणारा प्राध्यापक

बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या नावापुढे हल्ली एक संख्या हमखास असते. वैरागच्या एखाद्या शाळकरी मुलाच्या नावापुढे ती चौदाशे-पंधराशे असेल. ग्रँडमास्टर व्हायला साधारण २५०० लागतात. मॅग्नस कार्लसनने २०१४ मध्ये २८८२ गाठले, आणि माणसाने गाठलेली ती आजवरची सर्वोच्च पातळी आहे. संगणकावर खेळणाऱ्या स्टॉकफिशसारख्या प्रोग्रॅमपुढे मात्र ३६०० किंवा त्याहून मोठा आकडा लिहिलेला दिसतो.

या आकड्याला ‘एलो रेटिंग’ म्हणतात. रोमन लिपीत ही तीन अक्षरे अनेकदा मोठी लिहिली जातात, त्यामुळे ते कुठल्या तरी इंग्रजी शब्दांचे आद्याक्षर-रूप असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत आयुष्य घालवलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ते जगज्जेते नव्हते, ग्रँडमास्टरही नव्हते. पण जगातला प्रत्येक ग्रँडमास्टर त्यांनी लावलेल्या काट्यावर चढतो, आणि बुद्धिबळाचे प्रत्येक यंत्रही चढते.

ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात काट्याचे महत्त्व सांगायला नको. काटा बरोबर असेल तर कष्टाचा मोबदला मिळतो, काट्यात खोट असेल तर भरली गाडीही हलकी ठरते. उसाचे वजन निदान किलोत आणि टनात होते. डोक्यातल्या कौशल्याला असे एकक कुठून आणायचे, हा प्रश्न एलो यांनी हाती घेतला.

हंगेरीतून मिलवॉकीला

एलो यांचा जन्म २५ ऑगस्ट १९०३ रोजी पश्चिम हंगेरीत, पापा या शहराजवळच्या एका खेड्यात झाला. आईवडील शेतकरी होते. १९१३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला गेले. दहा वर्षांचा आर्पाद नव्या देशात, नव्या भाषेत शिकू लागला आणि किशोरवयात बुद्धिबळाच्या नादी लागला. पुढे शिकागो विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात मार्क्वेट विद्यापीठात ते शिकवू लागले. निवृत्तीपर्यंत चार दशकांहून अधिक काळ त्यांनी तिथेच अध्यापन केले.

दिवसा प्रयोगशाळा आणि संध्याकाळी पट, असे त्यांचे दुहेरी आयुष्य होते. विस्कॉन्सिन राज्याचे अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा जिंकले. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर जिल्हा आणि राज्य पातळी गाजवणारा, पण पोटापाण्यासाठी शिकवणारा असा हा खेळाडू. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांत अशा पिढीची माणसे महाराष्ट्राने भरपूर पाहिली आहेत. एलो खेळासाठी राबणारेही होते. स्पर्धा भरवणे, संघटना चालवणे, वाद मिटवणे या कामांत ते तरुणपणापासून होते. १९३९ मध्ये अमेरिकेचा बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

१९५७ च्या जुलैत मिलवॉकीतल्या एका खुल्या स्पर्धेत ५३ वर्षांच्या एलोंसमोर ब्रुकलिनचा १४ वर्षांचा एक मुलगा बसला. प्राध्यापकांकडे पांढरी मोहरी होती, तरी डाव मुलाने जिंकला. त्या मुलाचे नाव बॉबी फिशर. तेराच-चौदाच वर्षांनी एलोंच्या पद्धतीने निघालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक यादीत हाच फिशर सर्वांत वर असणार होता.

जुना काटा कुठे अडत होता?

एलोंच्या आधीही रेटिंग होते. अमेरिकन महासंघ १९५० पासून केनेथ हार्कनेस यांची पद्धत वापरत होता. ती सोपी होती. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी काढायची. खेळाडूने निम्मे गुण मिळवले तर त्याची कामगिरी त्या सरासरीइतकी धरायची. निम्म्यापेक्षा जास्त मिळवले तर प्रत्येक जादा टक्क्याला दहा गुण वाढवायचे, कमी मिळवले तर दहा कमी करायचे.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. अडचण टोकाला येते. आपल्यापेक्षा खूपच कमकुवत खेळाडूंशी खेळून सगळे डाव जिंकले तरी पद्धतीच्या सरळ रेषेमुळे रेटिंग खाली येऊ शकत होते. जिंकून गुण कमी झाले, असे खेळाडूला सांगायचे कसे? तक्रारी वाढल्या. १९५९ मध्ये महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष जेरी स्पॅन यांनी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद एलोंकडे दिले.

एलोंनी प्रश्नाकडे भौतिकशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. प्रयोगशाळेत तीच लांबी दहा वेळा मोजली तर दहा वेळा किंचित वेगळी येते. खरी लांबी म्हणजे त्या मोजमापांच्या मध्यावर कुठेतरी असलेली संख्या. खेळाडूचेही तसेच. गोठ्यातली म्हैस रोज मोजून तेवढेच दूध देत नाही. काही दिवस लिटरभर जास्त, काही दिवस कमी, पण बहुतेक दिवस सरासरीच्या जवळपास. खेळाडूची रोजची कामगिरी अशीच खालीवर होते. फार चांगला दिवस क्वचित येतो, फार वाईट दिवसही क्वचित येतो. या चढउताराचा आलेख काढला तर तो घंटेच्या आकाराचा होतो.

एलोंनी असे मानले की प्रत्येक खेळाडूची कामगिरी स्वतःच्या सरासरीभोवती अशा घंटाकृती रीतीने पसरलेली असते आणि त्या पसाऱ्याचे माप साधारण २०० गुण आहे. एवढे मानले की पुढचे गणित उलगडते. दोन खेळाडूंच्या घंटा एकमेकींवर किती चढल्या आहेत, यावरून कोण किती वेळा जिंकेल याचा अंदाज बांधता येतो.

जोडीजोडीने तुलना करून क्रम लावण्याचे गणित एलोंच्या आधीही झाले होते. जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९२९ मध्ये बुद्धिबळ स्पर्धांसाठीच असा विचार मांडला होता, आणि १९५२ मध्ये ब्रॅडली व टेरी या संख्याशास्त्रज्ञांनी तो नव्याने मांडला. एलोंचे मोठे काम म्हणजे क्लबातल्या साध्या खेळाडूला समजेल आणि कागद-पेन्सिलीने करता येईल अशी रीत त्यांनी दिली.

रेटिंग कसे चालते?

या पद्धतीत रेटिंगचा एकटा आकडा काहीच सांगत नाही. अर्थ असतो तो दोन आकड्यांमधल्या फरकाला. फरक शून्य असेल तर दोघांकडून निम्म्या-निम्म्या गुणांची अपेक्षा. फरक १०० असेल तर वरच्या खेळाडूने शंभर डावांत साधारण ६४ गुण मिळवावेत. २०० चा फरक असेल तर ७६, आणि ४०० असेल तर ९० च्या वर. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा, हे यात धरलेले आहे.

आता एक डाव घेऊ. समजा, १५०० रेटिंगची वैरागची एक मुलगी सोलापुरातल्या स्पर्धेत १७०० च्या खेळाडूशी खेळली. फरक २०० चा, म्हणजे तिच्याकडून अपेक्षा ०.२४ गुणांची. ती जिंकली तर तिला मिळाला १ गुण, अपेक्षेपेक्षा ०.७६ जास्त. या जादा भागाला एका ठरावीक आकड्याने गुणायचे. तो २० धरला तर तिचे रेटिंग सुमारे १५ ने वाढेल. बरोबरी केली तरी पाचने वाढेल. हरली तर पाचच गुण जातील, कारण तिने हरावे हीच अपेक्षा होती.

हा गुणक आकडा म्हणजे काटा किती संवेदनशील ठेवायचा ते ठरवणारा स्क्रू आहे. आज आंतरराष्ट्रीय महासंघ नवख्यांसाठी तो ४० ठेवतो, स्थिरावलेल्यांसाठी २०, आणि एकदा २४०० गाठलेल्यांसाठी १०. नवा खेळाडू झपाट्याने बदलत असतो, म्हणून त्याचा काटा चपळ ठेवायचा. मुरलेल्या खेळाडूला एका वाईट आठवड्याची शिक्षा मोठी नको.

पद्धतीचे सौंदर्य तिच्या दुरुस्त होण्यात आहे. एखाद्याचे रेटिंग चुकून जास्त लागले असेल तर तो अपेक्षेइतके गुण मिळवू शकत नाही आणि आपोआप खाली येतो. कमी लागले असेल तर वर चढतो. कोणा परीक्षकाच्या मताची गरज उरत नाही.

अमेरिकन महासंघाने ही पद्धत १९६० मध्ये स्वीकारली आणि जागतिक महासंघाने १९७० मध्ये. १९७१ च्या यादीत फिशर २७६० वर होता आणि तेव्हाचा जगज्जेता बोरिस स्पास्की २६९० वर. पुढच्याच वर्षी रेक्याविकला फिशरने स्पास्कीला हरवले. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्या लढतीची चर्चा झाली आणि मिलवॉकीच्या प्राध्यापकाचे आडनावही घरोघरी गेले.

जागतिक यादीचे हिशेब एलो १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्वतः करत होते. तेव्हा यादीत दोन हजारांहूनही कमी खेळाडू होते, त्यामुळे एका माणसाला कॅल्क्युलेटर घेऊन ते जमत असे. देशोदेशींहून निकालांचे तक्ते येत आणि ते आकडे मांडत बसत.

वय आणि बुद्धी

मोजायचे साधन हाती आल्यावर एलोंनी ते मागे, इतिहासाकडे वळवले. जुन्या स्पर्धांचे निकाल घेऊन त्यांनी होऊन गेलेल्या महान खेळाडूंचे रेटिंग काढले. १९७८ मध्ये त्यांचे पुस्तक आले, त्यात हे सारे एकत्र आहे. क्यूबाचा कापाब्लांका त्यांच्या हिशेबात २७२५ वर येतो.

आरोग्याच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. १९६५ मध्ये वार्धक्यशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला. विषय होता, वयानुसार मास्टर खेळाडूंची ताकद कशी बदलते. शर्यतीत धावणाऱ्याचा वेग घड्याळ दाखवते, पण विचार करण्याची क्षमता आयुष्यभर मोजत राहील असे घड्याळ नव्हते. बुद्धिबळाच्या रेटिंगने ते दिले. एलोंना दिसले की ताकद विशीत झपाट्याने वाढते, पस्तिशीच्या आसपास शिखर गाठते आणि मग हळूहळू उतरते. उतार मंद असतो. साठी ओलांडलेला मास्टर साधारण आपल्या विशीच्या सुरुवातीच्या पातळीजवळ असतो.

विचारांचा वेग वयानुसार कमी होतो, पण साठलेला अनुभव बरीच भरपाई करतो, हे आज मेंदूविज्ञानात वारंवार मांडले जाते. त्याचा एक जुना, आकड्यांतला पुरावा या प्राध्यापकाच्या वहीत होता. वय आणि कौशल्य यांचे नाते अभ्यासणारे संशोधक अजूनही बुद्धिबळाच्या रेटिंगचा आधार घेतात, कारण दशकानुदशके एकाच मापाने नोंदलेली अशी माहिती दुसऱ्या कुठल्या बौद्धिक कामाची सहसा मिळत नाही.

यंत्रे काट्यावर चढतात

एलोंनी काटा माणसांसाठी लावला होता. पण गणिताला कोण खेळतो याच्याशी देणेघेणे नसते, निकाल हवा असतो. १९६७ मध्ये एमआयटीच्या रिचर्ड ग्रीनब्लाट यांचा ‘मॅक हॅक’ हा प्रोग्रॅम अमेरिकेत माणसांच्या स्पर्धेत उतरला आणि रेटिंग मिळवणारा पहिला प्रोग्रॅम ठरला. वर्षभरात त्याने पंधराशेच्या आसपास मजल मारली. आपल्या तालुका पातळीवरचा बरा खेळाडू म्हणावा, एवढीच ती ताकद.

पुढची चढण एलोंच्या डोळ्यांसमोर झाली. १९८३ मध्ये ‘बेल’ या यंत्राने अमेरिकेत मास्टरचा दर्जा मिळवला. १९८८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या ‘डीप थॉट’ने डेन्मार्कचे ग्रँडमास्टर बेंट लार्सेन यांना स्पर्धेत हरवले आणि २५०० च्या वरची कामगिरी केली. त्या चमूत थॉमस अनंतरामन हा भारतीय संशोधकही होता. यंत्र ग्रँडमास्टरच्या पातळीला पोचले, हे वाक्य शास्त्रज्ञांना म्हणता आले ते एलोंच्या काट्यामुळेच. नाहीतर एखादा डाव योगायोगाने जिंकला, एवढेच म्हणता आले असते.

५ नोव्हेंबर १९९२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड येथे एलोंचे निधन झाले. ते ८९ वर्षांचे होते. साडेचार वर्षांनी, मे १९९७ मध्ये, ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोवला ३.५ विरुद्ध २.५ असे हरवले. यंत्राने माणसाला मागे टाकले, अशा बातम्या जगभर आल्या. एलोंच्या नजरेने पाहिले तर त्या निकालातून निघणारा फरक जेमतेम पन्नास-साठ गुणांचा आहे, आणि सहाच डाव असल्याने त्यातली चूकमर्यादा शेकडो गुणांची आहे. तेवढ्या डावांवरून कोण बलवान हे ठामपणे सांगताच येत नाही. नंतरच्या लढतींनी मात्र शंका ठेवली नाही. २००५ मध्ये ‘हायड्रा’ने इंग्लंडच्या मायकेल अ‍ॅडम्सला ५.५ विरुद्ध ०.५ असे हरवले आणि २००६ मध्ये ‘डीप फ्रिट्झ’ने जगज्जेता व्लादिमीर क्रामनिकला ४ विरुद्ध २ असे. त्यानंतर माणसे यंत्रांशी गंभीरपणे खेळेनाशी झाली.

३६०० म्हणजे किती?

इथे काट्याचा खरा पेच सुरू होतो. आज प्रोग्रॅमच्या रेटिंग याद्या स्वयंसेवी गट चालवतात. स्वीडनच्या संगणक-बुद्धिबळ संघटनेची यादी त्यांतली जुनी, १९८४ पासूनची. सर्व प्रोग्रॅमना सारखे संगणक द्यायचे, सारखा वेळ द्यायचा, आणि ठरवून दिलेल्या सुरुवातींपासून खेळवायचे. तीच सुरुवात दोघांना आलटून-पालटून पांढऱ्या आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळायला मिळते. सुरुवात मोकळी ठेवली तर ही यंत्रे इतकी अचूक खेळतात की बहुतेक डाव बरोबरीत सुटतात आणि कोण सरस ते कळतच नाही. म्हणून मुद्दाम थोड्या तिरक्या सुरुवाती दिल्या जातात.

यादीत प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे चिन्हासह दुसरा एक आकडा असतो. ती चूकमर्यादा. वाचक बहुधा तिच्याकडे पाहत नाहीत आणि तिथेच फसतात. शंभर डावांची लढत मोठी वाटते. पण बरोबरी होतच नाही असे धरले तर शंभर डावांनंतरही अंदाज सुमारे ७० गुणांनी इकडेतिकडे असू शकतो. म्हणजे ३० गुणांनी पुढे असलेला प्रोग्रॅम खरोखर सरस आहे की नशिबाने पुढे आहे, ते शंभर डाव सांगत नाहीत. दहा गुणांचा फरक म्हणजे दर शंभर डावांत निम्म्यापेक्षा जेमतेम दीड गुण जास्त. ती पकडायला हजारो डाव लागतात.

डिसेंबर २०१७ मध्ये गुगलच्या डीपमाइंडने जाहीर केले की ‘अल्फाझीरो’ने स्टॉकफिशविरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. गुण झाले ६४, म्हणजे एलोंच्या तक्त्याप्रमाणे बरोबर १०० चा फरक. लगेच वाद उठला की दोघांना दिलेली यंत्रसामग्री आणि वेळेची पद्धत सारखी नव्हती. काटा ठीक होता, पण दोन्ही पारडी सारखी होती का, हा प्रश्न होता.

स्टॉकफिशमध्ये कोणी सुधारणा सुचवली तर २०१३ पासून ती जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर तपासली जाते. जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकींशी हजारो डाव खेळतात आणि पुरावा पुरेसा झाला की चाचणी थांबते. थांबावे कधी, याचे गणित ॲब्राहम वॉल्ड यांचे. तेही तेव्हाच्या हंगेरीत, एलोंच्या एक वर्ष आधी जन्मलेले. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते व्याख्यानांसाठी इथे आले असताना १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून त्यांचा आणि पत्नीचा अंत झाला. आजचा सर्वांत बलवान प्रोग्रॅम या दोन हंगेरियनांच्या गणितावर घडतो आहे.

मग ३६०० म्हणजे कार्लसनपेक्षा सातशे-आठशे गुणांनी वर का? तसे थेट म्हणता येत नाही. रेटिंगमध्ये फक्त फरकाला अर्थ असतो, आणि तोही एकमेकांशी खेळणाऱ्यांच्या गोतावळ्यात. माणसे आपसात खेळतात, यंत्रे आपसात. दोन गोतावळ्यांना जोडणारे सामने जवळपास थांबले आहेत. स्वीडनच्या यादीला सुरुवातीला माणसांशी झालेल्या डावांचा आधार होता, तरी पुढे आकडे फुगल्याची टीका झाली आणि २००० मध्ये सगळ्यांचे शंभर गुण एकदम कमी करण्यात आले. कुठल्याच प्रोग्रॅमची ताकद त्या दिवशी घटली नाही, काट्याचे शून्य तेवढे सरकले. यंत्र माणसापेक्षा खूप बलवान आहे यात शंका नाही. मात्र नेमके किती गुणांनी, याचे उत्तर त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत नाही.

बंद गोतावळ्यात काटा कसा भरकटतो, याचे माणसांतले उदाहरणही आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड हा कैदी इतर कैद्यांशी रेटिंगचे डाव खेळत असे. १९९६ मध्ये त्याचे रेटिंग २७०२ झाले आणि तो कागदावर देशातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू ठरला. हे मुद्दाम घडवले की आपोआप घडले, यावर वाद झाला. गणित चुकलेले नव्हते. तुरुंगाच्या भिंतीमुळे त्या आकड्यांना बाहेरच्या खेळाडूंची परीक्षाच मिळाली नव्हती.

मोबाइलवरच्या आकड्यालाही हेच लागू आहे. ऑनलाइन संकेतस्थळे बहुधा मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये सुधारलेली पद्धत वापरतात. त्यात रेटिंगसोबत अनिश्चितताही मोजली जाते. बरेच दिवस न खेळणाऱ्याबद्दलची खात्री कमी धरली जाते. पण ॲपवरचे १५००, आंतरराष्ट्रीय यादीतले १५०० आणि ॲपमधल्या यंत्राला चिकटवलेले १५०० ही तीन वेगळ्या काट्यांवरची वजने आहेत. एकाची दुसऱ्याशी सरळ तुलना करू नये.

काट्याची मर्यादा

एलोंना आपल्या साधनाच्या मर्यादा चांगल्या ठाऊक होत्या. रेटिंग काढणे म्हणजे पाण्यात हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजणे, अशा अर्थाची उपमा त्यांनी स्वतःच दिली होती. उतारवयात त्यांना आणखी एक गोष्ट खटकू लागली. तरुण खेळाडू पटावरच्या खेळापेक्षा आकड्याच्या मागे लागले होते. गुण जातील म्हणून बलवान प्रतिस्पर्ध्याला टाळणे, चांगला डाव लवकर बरोबरीत सोडणे, स्पर्धाच न खेळणे, असे प्रकार वाढले. मोजण्यासाठी केलेले साधन लोकांच्या वागण्यालाच वळण लावू लागले होते.

हीच पद्धत आज बुद्धिबळाबाहेरही गेली आहे. जागतिक फुटबॉल महासंघ २०१८ पासून पुरुष संघांची क्रमवारी याच तत्त्वावर लावतो. प्राण्यांच्या कळपात कोण कोणावर वरचढ आहे, हे ठरवायला जीवशास्त्रज्ञ ती वापरतात. प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमची एकमेकांशी तुलनाही याच कुळातल्या गणिताने होते. यादीत कोण पहिला, यावर तिथे मोठे व्यवहार अवलंबून असतात. म्हणून तिथेही तेच प्रश्न विचारायचे : किती सामने झाले, कोणाशी झाले, अटी सारख्या होत्या का आणि चूकमर्यादा किती?

आपल्या घरांत हा विषय मुलांमुळे येतो. महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर प्रवीण ठिपसे यांना तो किताब १९९७ मध्ये मिळाला. आज गावोगावी मुले रेटिंगच्या स्पर्धा खेळतात आणि दोन स्पर्धांत पन्नास गुण गेले की घरात सुतक पाळल्यासारखे वातावरण होते. एलोंचे गणित त्या घराला सांगते की एका-दोन स्पर्धांतली एवढी घसरण बहुधा नेहमीचा चढउतार असतो. तिच्यावरून मुलाच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढू नये. पाच-पंचवीस नव्हे, तर शेकडो डावांतून जी दिशा दिसते ती खरी.

आणि वरचा आकडा पाहून घाबरायचेही कारण नाही. २०० गुणांनी कमी असलेला खेळाडूही शंभर डावांत २४ गुण मिळवतो, असे हेच गणित म्हणते. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक झाला तेव्हा नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख मानांकनात पंधरावी होती. तिच्यावर चौदा नावे होती. तिने तो चषक जिंकला आणि त्या विजयावरच ग्रँडमास्टरचा किताबही मिळवला.